मऊ डोळे

पेटीवर हनोखमामाने सूर धरून ठेवला. मी उपरणं कमरेला आवळलं, दोन्ही बुबुळं नाकाच्या शेंड्याशी आणून भिडवली आणि साकी सोडली:

लेआ पाहे याकोबाला, उंट म्हणे मज पाहे
लाबानाची लेक थोरली, ऐसी सुंदर आहे!

नांदगावच्या प्रार्थनालयाचं अंगण हसून आडवं झालं. आमची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी होतीच, पण कीर्तन म्हटलं की शेजारपाजारचे आगरी-कोळीही येऊन बसत. याकोब कोण, लाबान कुठला, हे त्यांना ठाऊक असो-नसो, तिरळी नजर सगळ्यांच्या ओळखीची होती. मुकादम रूबेनशेठ मांडीवर थाप मारून ओरडले, "वन्स मोअर, बुवा! उंट पुन्हा येऊ द्या!"

उंट पुन्हा आला. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. मी मात्र चोरट्या नजरेने पहिल्या रांगेतल्या एकाच माणसाकडे बघत होतो. पिन्हास हज्जान. गावच्या प्रार्थनेचा पुढारी. पांढरी दाढी, ताठ पाठ. सगळं अंगण डुलत होतं आणि हा गृहस्थ दोन्ही हात काठीवर ठेवून समुद्रावरच्या दीपस्तंभासारखा बसला होता.

आणि उद्या सकाळी मला ह्याच दीपस्तंभाच्या घरी मुलगी बघायला जायचं होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. शिमशोनबुवा वाकरूळकर म्हणून पेणपासून रोह्यापर्यंत थोडं नाव झालेलं, आणि ते नाव मुख्यतः ह्या उंटाने केलेलं. आईबाप लवकर गेले. हनोखमामाने वाढवलं, पेटीही त्याचीच आणि स्थळही त्यानेच आणलेलं. मुलीचं नाव बायजा, हज्जानांची थोरली, शिकलेली, गोरी, सुगरण, एवढं मामाने सांगितलं होतं. "आदल्या दिवशी कीर्तन ठेवलंय हज्जानांनीच. जीव ओतून गा," असं बजावलंही होतं. म्हणून तर मी जपून ठेवलेला उंट इतक्या लवकर बाहेर काढला होता.

आख्यान होतं याकोबाच्या लग्नाचं. आंधळ्या बापापुढे थोरला भाऊ एसाव बनून याकोबाने त्याचा आशीर्वाद लाटला. एसाव जिवावर उठला, म्हणून याकोब घर सोडून पळाला तो मामाकडे, लाबानाकडे. मामाला दोन मुली, थोरली लेआ, धाकटी राहेल. याकोबाचा जीव राहेलवर जडला. तिच्यासाठी त्याने मामाची मेंढरं सात वर्षं राखली. आणि लग्नाच्या रात्री मामाने बुरख्याआडून थोरलीला पुढे केलं! "मंडळी," मी म्हणत असे, "भाच्याला मामा बनवणारा जगातला हा पहिला मामा!" त्यावर हनोखमामा पेटीवरून रुसल्यासारखं बघायचा. तेही ठरलेलं.

लेआबद्दल आमच्या मराठी पुस्तकात इतकंच होतं, की तिचे डोळे अधू होते. त्या एवढ्याशा बीवर मी उंटाचं झाड वाढवलं होतं.

निम्मं आख्यान झालं की मी विसावा घेई. मंडळी भजन म्हणत, मी मागे जाऊन घसा ओला करी. त्या दुपारीही मी कनातीमागे गेलो, तोच एक बाई तांब्याभांडं घेऊन पुढे आली. बावीस-तेवीसची असेल. साधं लुगडं, डोक्यावर पदर, आणि डोळ्यांवर असा जाड भिंगांचा चष्मा, की त्यामागचे डोळे विहिरीच्या तळाशी असल्यासारखे दिसावेत. शाळेतली मास्तरीण असावी, असं मला वाटलं.

"बुवा, मिरं-खडीसाखरेचं पाणी आहे. घ्या. वरच्या पट्टीत तुमचा आवाज चिरतोय."

"कुणाला कळलं नाही ते," मी जरा फणकारलो. "सगळे हसत होते."

"मी हसत नव्हते. म्हणून ऐकू आलं."

मी घोट घेतला. मिरं चांगलंच झोंबलं. "उंट आवडला नाही वाटतं?"

"उंट झकास होता. लेआ चुकली."

"बाई, शास्त्रात आहे तेच सांगितलं."

"मराठी पुस्तकात आहे ते सांगितलंत. मूळ इब्रीत शब्द आहे राक्कोत. राक्कोत म्हणजे मऊ. कोवळे."

"मऊ?" मला हसू फुटलं. "डोळे काय भाकरी आहेत मऊ असायला?"

"रडून रडून होतात मऊ. तुम्ही फारसे रडलेले दिसत नाही." ती शांतपणे म्हणाली. "याकोबाची आई रिबका आणि लाबान बहीणभाऊ. तिला दोन मुलगे, ह्याला दोन मुली. मग लोक गप्प बसतात का? थोरल्याला थोरली, धाकट्याला धाकटी, झाली सोयरीक. लेआ बिचारी तिठ्यावर जाऊन बसायची आणि वाटसरूंना विचारायची, अहो, माझ्या आत्याचा थोरला कसा आहे? ते सांगायचे, एसाव? शिकारी, वाटमाऱ्या, कुणाला लुबाडायला मागेपुढे बघत नाही. आणि धाकटा? धाकटा तंबूत बसून देवाचं शिकतो. मग ती रडायची. देवा, त्या थोरल्याच्या पदरात मला टाकू नकोस. इतकी रडली, की पापण्या झडल्या. कळलं? ते अधूपण नव्हतं, बुवा. ती प्रार्थना होती."

"हे कुठे लिहिलंय?"

"जुन्या रब्बींनी सांगून ठेवलंय. कोचीनचे एक गुरुजी होते, त्यांच्याकडून माझ्या... आपल्या हज्जानांनी ऐकलं." तिने पदर सावरला. "आणि आणखी एक. मघाशी याकोबाच्या म्हाताऱ्या बापाची, इसहाकाची दृष्टी गेली, ते तुम्ही किती गहिवरून गायलात. सगळं अंगण डोळे पुसत होतं. बापाचे डोळे गेले तर रडायचं आणि पोरीचे गेले की उंट आणायचा, हे कसं काय?"

कनातीपलीकडे भजनाचं शेवटचं कडवं सुरू झालं होतं.

"बाई, आता सांगून काय उपयोग? पुढचं सगळं उंटावरच बांधलंय. लग्नाच्या सकाळी याकोब बुरखा उचलतो, तिथे पुन्हा उंट आहे. मुकादम त्याचीच वाट बघताहेत. उद्या मला ह्या गावात एक काम आहे, नाव खराब करून कसं चालेल?"

"मला काय," ती भांडं उचलत म्हणाली, "मी आपली उंटावरून शेळ्या हाकतेय. गायचं तुम्हाला. पण राहेलने खुणा का दिल्या, ते तरी ठाऊक आहे ना?"

"कसल्या खुणा?"

"अरे देवा!" म्हणून तिने कपाळाला हात लावला आणि भजन संपायच्या आत, दम न घेता, तेही सांगून टाकलं.

"नाव काय आपलं?" मी विचारलं.

"आधी आख्यान पुरं करा. नाव कुठे पळून जातंय?"

मी पुढे येऊन उभा राहिलो. मामाने पेटीवर उंटाचे सूर छेडले. मी हाताने थांबवलं. त्याने डोळे मोठे केले.

"मंडळी," मी म्हणालो, "मघाशी एक उंट आणला होता. तो परत करायचाय."

"परत कशाला, बुवा?" रूबेनशेठ ओरडले. "बांधून ठेवा इथेच!" हशा पिकला.

"नाही, मुकादम. उंट चोरीचा निघाला. एका पोरीच्या दुःखातून चोरला होता मी. मला शब्द कळला नव्हता, म्हणून मी तोंड वेडंवाकडं केलं."

आणि राक्कोत शब्द सांगितला. तिठ्यावर बसलेली लेआ सांगितली. सांगता सांगता ओठांवर जे आलं ते गायलो. आधी बांधलेलं काहीच नव्हतं:

रडुनी रडुनी पापणि झडली, नयन जाहले ओले
ज्या डोळ्यांवर हसलो आपण, देव तयांशी बोले

मामाची बोटं आधी चाचपडली, मग हळूच सूर शोधत मागे आली.

मग खुणा सांगितल्या. लाबान लबाड आहे, हे याकोबाला माहीत होतं. म्हणून त्याने राहेलला गुप्त खुणा दिल्या होत्या. अंधारात, बुरख्याआड, खरी नवरी ओळखायला. पण लाबान थोरलीला नटवून पुढे नेऊ लागला, तेव्हा राहेलच्या मनात आलं, आता हिला खुणा विचारतील, हिला येणार नाहीत, आणि चारचौघांत माझी बहीण लाजेने मरून जाईल. तिने त्या खुणा लेआच्या कानात सांगितल्या. "स्वतःचा नवरा दिला, मंडळी, पण बहिणीला लाजवलं नाही. डोळे मऊ एकीचे होते, मन दुसरीचं."

सकाळी याकोब लेआवर चिडला, की रात्री राहेल म्हणून हाक मारली तेव्हा तू ओ कशी दिलीस? तर ती म्हणाली, तुमच्या बापाने एसाव म्हणून हाक मारली, तेव्हा तुम्ही ओ दिलीतच ना? गुरू तुम्ही, मी चेली! इथे हसू आलं लोकांना, पण ते वेगळं हसू होतं. एक म्हातारी आगरीण हसत हसतच डोळे टिपत होती.

कीर्तन संपलं. रूबेनशेठ जवळ येऊन म्हणाले, "छान, बुवा, छान. पण खरं सांगू? उंट बरा होता." पिन्हास हज्जान काठी टेकत निघून गेले. चष्मेवाली कुठे दिसली नाही. मामा पेटीचा भाता बांधत पुटपुटला, "सोयरीक गेली. म्हातारा बघितलास? थोबाडावर रेघ हलली नाही. भर मंडपात 'मला शब्द कळला नव्हता' म्हणून कोण सांगतं रे, गाढवा? हज्जानाचा जावई व्हायचंय आणि इब्री येत नाही म्हणून दवंडी पिटतोस!"

"खरं होतं ते, मामा."

"खरं लग्नानंतर सांगायचं असतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हज्जानांच्या दारात चौकटीवरच्या मेझुझाला, शास्त्रवचनाच्या त्या डबीला, हात लावून ओठांना टेकवला. ओटीवर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक खिडकीशी, दुसरी भिंतीला. "नवऱ्यामुलाने खिडकीशी बसावं," असं मुलीची आई म्हणाली, पण मामाला उकडत होतं. तो सरळ खिडकीशी जाऊन बसला आणि टोपीने वारा घेऊ लागला. मी भिंतीशी बसलो. हज्जान समोर, काल होते तसेच.

"बायजा, चहा आण गं," आईने हाक मारली.

मुलगी आली. मान खाली, हातात ट्रे, त्यात चार कप. मागोमाग धाकटी बहीण सिपोरा पोह्यांच्या बशा घेऊन. मुलगी खरंच गोरी होती. पण ती चालत होती कशी? पाऊल टाकण्याआधी जमीन विचारून घेतल्यासारखी. उंबऱ्याशी अडखळली, सावरली आणि थेट खिडकीच्या दिशेने निघाली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लालसर खळगे होते.

चष्मा रोज जिथे बसतो, तिथले.

आईच्या कपाळावर घाम होता. बाईने पोरीचा चष्मा काढून ठेवला होता आणि घोकून घेतलं असणार, खिडकीशी बसलेला तो नवरा, पहिला कप त्याला. आणि खिडकीशी पन्नाशीचा, टकल्या हनोखमामा टोपीने वारा घेत बसला होता. आणखी चार पावलं, की ती मान लववून मामापुढे कप धरणार, मामा खो-खो हसणार, आणि घरभर, गावभर होणार. हज्जानांची थोरली मामालाच नवरा समजली!

सिपोराही पांढरीफटक पडली. तिच्या हातात बशा. बोलायची सोय नाही.

मी खाकरलो आणि अगदी हलक्या आवाजात, भिंतीकडे बघत, उगीचच गुणगुणल्यासारखं केलं:

"रडुनी रडुनी पापणि झडली..."

पावलं थांबली. एक क्षण. मग ट्रे वळला, खिडकीकडून भिंतीकडे, नाव सुकाणूला वळते तसा. पहिला कप माझ्यासमोर आला. मान खालीच होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"अरे, मुलगी बघायला आलायस की कीर्तनाला?" मामा खेकसला. "हज्जान, माफ करा हं. ह्याला कुठेही गळा फुटतो."

कुणाला काही कळलं नव्हतं. आईने सुस्कारा सोडला. सिपोराने माझ्याकडे असं बघितलं, की त्या नजरेवर मी पुढे साठ वर्षं पोहे खाल्ले असते.

पण मुलगी गेली नाही. ट्रे टेबलावर ठेवून म्हणाली, "सिपू, माझा चष्मा आण."

"बायजा!" आई दबक्या आवाजात ओरडली.

"आण गं. आपल्या घरात लाबानाचा कारभार नको. याकोबाला सकाळी कळलं, ह्यांना आत्ताच कळू दे." चष्मा आला. तिने तो डोळ्यांवर चढवला, आधी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जणू पहिल्यांदाच बघतेय अशा थाटात म्हणाली, "असे दिसता होय! आवाजावरून जरा बरे वाटला होतात."

काल कनातीमागे ऐकलेलाच तो आवाज.

मामाची टोपी हातातच राहिली. "म्हणजे... हज्जान, हा चष्मा आम्हाला कुणी सांगितला नव्हता! मला मामा बनवत होतात की काय?"

"तुम्ही मामा आहातच," हज्जान पहिल्यांदा बोलले. "बनवायचं काय त्यात?" आणि त्या दीपस्तंभाच्या दाढीत मला पहिल्यांदाच दिवा लागलेला दिसला. मग ते माझ्याकडे वळले. "शिमशोन, लहानपणापासून हिची दृष्टी अशी आहे. चष्मा आहे, म्हणून चार हातांपर्यंतचं दिसतं. मी वाचून दाखवतो, ती पाठ करते. आता तुला नको वाटलं, तर चहा घे आणि ऊठ. आम्ही राग धरणार नाही."

सगळी ओटी माझ्या तोंडाकडे बघत होती. मामा डोळ्यांनी 'ऊठ' म्हणत होता.

"एक विचारायचंय," मी म्हणालो. "कालपासून राहिलंय. नाव काय आपलं? बायजा तर घरची हाक दिसते."

"कागदावरचं?" तिने चष्मा नीट बसवला. "लेआ."

मी चहाचा मोठा घोट घेतला. तोंड भाजलं. मग म्हणालो, "मामा, तू ऊठ."

"आणि तू?"

"मला ह्या खुर्चीवरून उठवायला आता उंट आणावा लागेल."

ह्या गोष्टीला साठ वर्षं झाली. आमच्या लग्नात हनोखमामाने पेटी वाजवली आणि नवरीचा पदर सगळ्यांदेखत तीनदा उचलून बघितला, "एकदा फसलोय" म्हणून. लेआबाईंनी मला इब्री शिकवली, अक्षर अक्षर, चुकलं की चिमटा. पुढे माझी शेकडो कीर्तनं झाली असतील. शब्द तिचा आणि सूर माझा. लोक म्हणत, बुवा फार व्यासंगी! ती पहिल्या रांगेत बसून खोकायची.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. एकदा सहज मी म्हणालो, की हज्जानांनी मुलगी दाखवायच्या आदल्या दिवशी कीर्तन ठेवलं, ही देवाचीच योजना.

"हज्जानांनी कुठे?" ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "मी ठेवायला लावलं. तुमच्या बघण्यात काय, तुम्ही टकाटका बघणार, मला काय दिसणार? म्हटलं, आधी मी बघते. मला कानांनी दिसतं."

"म्हणजे तू मला आधी बघून ठेवलं होतंस?"

"उंटापर्यंत बघितलं आणि बाबांना सांगून टाकलं, नको. मग वाटलं, एकदा मिरं देऊन बघावं. उतरतं का घशाखाली."

आता ठाण्यात आम्ही दोघंच. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ह्या वयात तिला समोरच्या इमारतीतल्या खिडक्या मोजता येतात. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात, हृदयामुळे थांबावं लागेल. सकाळी मी गॅलरीत बसतो. चहाचा कप कुठून येणार, उजवीकडून की डावीकडून, हे मला दिसत नाही आणि आला-गेला कुणी समोर असला, तर हात भलतीकडे जाऊन लाज वाटते.

म्हणून ती स्वयंपाकघरातून निघतानाच गुणगुणत येते. आवाज पातळ झालाय, पण सुरात आहे. मी हात त्या दिशेला धरतो आणि कप बरोबर हातात येतो. कुणाला काही कळत नाही.

फक्त साकी ती नेमकी उंटाची म्हणते.